आबांचा खोकला

९ फेब्रुवारी, रविवार

नरडाण्याच्या कारखान्यात ह्यांना नव्या वर्षाची डायरी मिळाली आणि ह्यांनी ती मला दिली. घरात जे फुकट येतं ते माझ्या वाट्याला येतं, हा नियम याही वर्षी पाळला गेला. जानेवारी कोराच राहिला. हिवाळ्यात दोंडाईच्याला मिरचीचा ठसका लागण्यापलीकडे घडतं तरी काय?

आज मात्र घडलं. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर दवाखान्याची गाडी येईपर्यंत काय करायचं, ते शिकवायला आमच्या पापडाच्या बचत गटाला समाजमंदिरात बोलावलं होतं. दर घरातून एक बाई. आमच्या घरातून खरं तर अक्कांनी जायचं. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई प्रमिलाबाई, गटाच्या अध्यक्ष. फोटो काढायचा असला की अध्यक्ष त्या, सतरंजीवर बसून शिकायचं असलं की त्यांचे गुडघे दुखतात आणि मी जाते.

शिकवायला पूनम सिस्टर आली होती. चाळीसगावची पोरगी, वय जेमतेम पंचवीस, पण बोलणं फटाक्यासारखं. तिने पेटीतून एक रबरी बाहुला काढला, नुसतं डोकं आणि छाती. गटातल्या म्हाताऱ्या द्रौपदाबाईंनी आधी त्याचे पाय कुठे गेले ते विचारून घेतलं. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवायचे, कोपर ताठ, आणि जोरात, भराभर दाबायचं. नीट दाबलं की बाहुल्यातून टक असा आवाज येतो. सगळ्यांचा आला. माझा येईना.

"ताई, इतकं हळू का?" सिस्टर म्हणाली.

मी म्हटलं, लागेल ना त्याला.

"ताई, तो मेलाय. त्याला अजून काय लागणार?"

बायका लोटपोट झाल्या. मग तिने विचारलं की पापडाचं पीठ कसं कुटता. मी सांगितलं, मुसळाने, एक दमली की दुसरी घेते, पण पीठ थंड पडू द्यायचं नाही. ती म्हणाली, हे तसंच आहे, थांबायचं तेवढं नाही. एखादी बरगडी मोडली तरी थांबायचं नाही. आणि माणूस मधूनच घोरल्यासारखे आचके देतो, त्याला श्वास समजून बघत बसायचं नाही.

पडणारा पुरुषमाणूस असला तर, असं मी विचारलं. असला तर असला, म्हणाली. त्यावर द्रौपदाबाई मागून म्हणाल्या, "आन जेठ पडना ते?" मग काय, वर्ग तिथेच संपला. हसून हसून कोणाला दाबता येईना आणि तेवढ्यात पोहे आले.

घरी अक्कांना उशीवर करून दाखवलं. अक्का म्हणाल्या, पिठाला मऊ तसाच उशीलाही मऊ, तुझा हातच मऊ. एकोणीस वर्षं हेच ऐकते आहे.

१२ फेब्रुवारी

द्रौपदाबाईंच्या प्रश्नावर सगळ्या का हसल्या ते लिहून ठेवते. पुढेमागे माझी सून हे वाचील आणि तिला खरं वाटणार नाही.

ह्यांचे थोरले भाऊ लीलाधर, सगळे त्यांना आबा म्हणतात. ते माझे जेठ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने जेठापुढे पदर ओढायचा, समोर बोलायचं नाही, आणि अंगाला अंग लागू द्यायचं नाही. पायासुद्धा पडायचं ते लांबून, जमिनीला हात लावून. आमची घरं दोन, पण अंगण एक आणि नळ एक, त्यामुळे दिवसातून दहा वेळा गाठ पडते. त्यावर आबांनी उपाय काढलेला आहे. ते एसटीत ड्रायव्हर होते. हॉर्न दिल्याशिवाय वळण घेत नसत. तसेच ते खोकल्याशिवाय अंगणात पाऊल टाकत नाहीत. खोकला आला की मी पदर घेते आणि भिंतीकडे तोंड करते, आबा जातात, मी परत वळते.

मला काही सांगायचं असलं तर मी अक्कांना सांगते, अक्का शेजारी बसलेल्या आबांना सांगतात, जरी त्यांनी ते ऐकलेलं असलं तरी. एकदा अक्का माहेरी गेल्या होत्या तेव्हा मी चहा झाल्याचं दाराच्या कडीला सांगितलं होतं. कडी दोनदा वाजवली आणि कप उंबऱ्यावर ठेवला. कप रिकामा होऊन परत आला. माणूस वाईट नाही. माझ्या बाळंतपणात धुळ्याच्या दवाखान्यात रात्रभर बाहेर कोण बसलं होतं, ते मला पुष्कळ दिवसांनी कळलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पापडाचा मोसम सुरू. आज दिवसभर कुटणं झालं, दंड भरून आलेत.

आबा हल्ली फार माणसांत मिसळायला लागले आहेत. पूर्वी मंदिरातून सरळ घरी यायचे. आता कोपऱ्यावर एका ओट्यावर बसतात, मग तोतारामच्या मिरची कांडपाच्या दारात बसतात, मग आमच्या लिंबाखाली उभे राहून वर बघतात. रिटायर झाल्यावर माणसाला गप्पांची गोडी लागते ती अशी. बरं आहे, अक्कांच्या डोक्याला तेवढाच आराम.

११ मार्च

अक्कांनी आज मला चारचौघींत सांगितलं की माझ्या कुटण्याने पापड तळताना रुसतो. मनात बरंच बोलले.

आबांना गॅसेस झालेत. अक्का दुपारी ओवा देतात आणि डाव्या दंडाला तेल चोळतात. बत्तीस वर्षं स्टेअरिंग धरलं, दंड दुखणारच. खोकलासुद्धा जुन्या गाडीच्या हॉर्नसारखा झाला आहे, निम्मा वाजतो. परवा तर ऐकूच आला नाही, पदर घेता घेता तारांबळ उडाली. ह्यांना म्हटलं, तुमच्या भावाला जरा मोठ्याने खोकायला सांगा.

१९ मार्च, बुधवार

परवाचं आज लिहिते.

दुपारी मी अंगणात पापड लाटत होते. अक्का गच्चीवर वाळवणापाशी. दारात सावली पडली, बघते तर आबा, आणि खोकले नव्हते. मला रागच आला. माणसाने खोकावं की नाही? पदर नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. चपला पुढे जाण्याची वाट बघत होते. चपला जाईनात. मी मनात म्हटलं, आता इथे काय उभं राहायचं. मग काहीतरी धाडकन पडलं.

तरीही मी वळले नाही. खरं लिहायचं तर खरं. भिंतीकडे बघूनच मी ओरडले, "अक्का, बघा हो काय पडलं!" पाठीमागे घोरल्यासारखा आवाज आला तेव्हा कुठे वळले.

आबा उताणे पडलेले. तोंड काळंनिळं. तोताराम कांडप सोडून धावत आला, त्याच्या हाताला लाल तिखट. त्याच्यामागून गिऱ्हाईक आलं. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला, दुसऱ्याने चप्पल. मिर्गीच आहे असं दोघांचं ठरलं. मी लांबून म्हटलं की श्वास बघा. तोताराम म्हणाला, "श्वास चालू शे ना, घोरी राहिनात आबा."

आणि मला पूनम सिस्टर आठवली. तो श्वास नव्हता. इथे जमलेल्यांत ते फक्त मला माहीत होतं, आणि हात लावायला मनाई असलेलीही मी एकटीच. तोतारामला म्हटलं, १०८ ला फोन कर. तेवढं जमलं. अक्का जिना उतरून आल्या, आबांच्या उशाशी बसल्या आणि अहो, अहो करायला लागल्या. मी म्हटलं, अक्का, छाती दाबावी लागेल, तुम्ही दाबा.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "माले येस का ते? तूच कर व दिपा. आते जेठ नही नि काही नही."

पदर काढून कमरेला खोचला. गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला. शर्ट घामाने चिंब होता. पहिले दोन-तीन दाब द्यायला नको होते तसे दिले, बाहुल्यावर दिले होते तसेच. तेवढ्यात अक्का, नवरा समोर मरून पडलेला असताना, पापडाच्या वेळी ओरडतात तशाच माझ्यावर ओरडल्या.

"हात मऊ नको पाडू व!"

मग मी दाबलं. हाताखाली कट्‌ असं काहीतरी मोडलं. आबांना मोडलं आपण, असं वाटलं, पण हात थांबवला नाही. दंड भरून आले तेव्हा अक्का म्हणाल्या, सरक, आणि त्यांनी घेतलं. बघून बघून शिकल्या होत्या. दुखणारे गुडघे टेकून अशा दाबायला लागल्या की बाहुला असता तर रस्त्यापर्यंत टकटक ऐकू गेली असती. मग पुन्हा मी, मग पुन्हा त्या. पीठ थंड पडू दिलं नाही. तोताराम हातात अर्धा कांदा धरून रडत होता.

गाडी आली. गाडीतल्या डॉक्टरांनी छातीला पट्ट्या लावून शॉक दिला आणि दुसऱ्या शॉकला कोणीतरी म्हणालं, आले. मला कळेना कोण आलं. मग कळलं, आबा आले.

धुळ्याला नेलं. दोन स्टेंट टाकले. शुद्धीवर आहेत. हे तिथेच आहेत. मी अंगणातले विखुरलेले पापड गोळा केले आणि मग पुष्कळ रडले.

२३ मार्च, रविवार

धुळ्याला जाऊन आले. पदर घेऊन खोलीच्या दारात उभी राहिले. अक्का म्हणाल्या, "दिपा आली." आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आजवर मी फिरवत आले, आज त्यांनी फिरवलं. मी उभी राहिले, उभी राहिले, आणि निघाले.

तीन बरगड्या मोडल्यात. डॉक्टर म्हणाले, दाबणारीने बरोबर दाबलं. पण डॉक्टरांना आमचं नातं कुठे माहीत?

येताना बसमध्ये वाटत राहिलं, रागावलेत. चार लोकांत धाकट्या भावाच्या बायकोने हात लावला, तोही उघड्या डोक्याने, अंगणात. अक्कांना फोन केला तर त्या वेगळंच सांगत होत्या, मी गेल्यावर नर्सला बोलावून उशीचा अभ्रा बदलून घेतला, ओला झाला होता. सलाईन गळत असणार. मोठ्या दवाखान्यांतही लक्ष देत नाहीत.

२९ मार्च

द्रौपदाबाई समाचाराला आल्या. म्हणाल्या, झालं ते झालं, पण त्यांच्या वेळी जेठाला नुसता पदर लागला तरी दोघं डोक्यावरून अंघोळ करायचे. अक्का कपडे न्यायला धुळ्याहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, मावशी, तिने अंघोळ केली असती तर मला पांढरं कपाळ घेऊन बसावं लागलं असतं, चहा घ्या. द्रौपदाबाईंनी चहा घेतला.

अक्कांनी माझी बाजू घेतली. तारीख लिहून ठेवली आहे वरती.

४ एप्रिल

आबा घरी येऊन तीन दिवस झाले. बरगड्यांमुळे हसता येत नाही, शिंकता येत नाही आणि खोकता तर मुळीच येत नाही. झाली का पंचाईत! हॉर्न बंद, आणि गाडी अंगणात फिरती ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पहिल्या दिवशी नळावर अचानक समोरासमोर आलो. मी बादली सोडून पळाले आणि ते काठी टेकत उलट दिशेला. ह्यांना हसू आवरेना. संध्याकाळी तोतारामने आपल्या जुन्या सायकलची घंटी काढून आबांच्या काठीला बसवून दिली. आता ट्रिंग ट्रिंग वाजली की मी पदर घेते. गल्लीतली पोरं कुल्फीवाला समजून दोनदा येऊन गेली.

बोलले मात्र अजून काही नाहीत. अक्कांच्या मार्फतसुद्धा नाही. पूर्वी निदान भाजीला मीठ कमी आहे हे तरी भिंतीवरून यायचं. मी भाजीत मुद्दाम मीठ कमी टाकून पाहिलं. गुपचूप खाल्ली.

३० एप्रिल, आखाजी

पुरणपोळ्या, आमरस, झोके. आबांना पोळी अर्धीच.

आबा तोतारामच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शर्टाची वरची बटणं उघडून काहीतरी दाखवतात. मी गच्चीवरून पाहिलं. ऊन फार आहे, उकडत असेल. पण मग तो माणूस आमच्या घराकडे बघतो आणि मान हलवतो. काय सांगतात कोणास ठाऊक. माझ्या नावाने खडे फोडत असतील तर फोडोत, फोडायला माणूस राहिला हे काय कमी आहे. असं लिहिते खरं, पण लागतं.

ह्यांना विचारलं, आबा रागावलेत का हो माझ्यावर? हे म्हणाले, तू वेडी आहेस. हा काही उत्तराचा प्रकार नव्हे.

१८ मे, रविवार

आठ दिवस झाले, घंटी वाजत नाही. आज आबा दाराशी आले तेव्हा मी भाकरी थापत होते. ना ट्रिंग ना काही. मान वर केली तर उंबऱ्याबाहेर उभे. हाताला पीठ, पदर घेता येईना, मी तशीच खाली बघत राहिले. ते थोडा वेळ थांबले आणि गेले. घंटी बिघडली असेल म्हणून तोतारामला सांगितलं. तो म्हणाला, घंटी तर आबांनी केव्हाच परत दिली, आता खोकता येतं म्हणून.

खोकता येतं हे खरं आहे. पहाटे त्यांच्या घरातून चांगला दणदणीत खोकला ऐकू येतो, पहिल्यासारखा. मंदिरात खोकतात, ओट्यावर खोकतात. आमच्या दाराशी आल्यावरच का येत नाही? बरगडी वळताना दुखत असेल का? धुळ्याला दाखवायला नेतील तेव्हा हे डॉक्टरांना विचारायला सांगायला हवं.

१ जून, रविवार

आज समाजमंदिरात पुन्हा पूनम सिस्टर आली. या वेळी पुरुषही. गल्लीतले, कांडपावरचे, एसटीचे रिटायर झालेले सहा-सात ड्रायव्हर कंडक्टर. सिस्टर म्हणाली, लीलाधर आबा तीन वेळा दवाखान्यात येऊन बसले म्हणून आले, नाहीतर रविवारी मी येत नाही. मला काहीच माहीत नव्हतं. अक्कांना होतं. अक्कांचं पोट म्हणजे बँकेची तिजोरी, कशासाठी उघडेल सांगता येत नाही.

बाहुला तोच, अजून पाय नाहीत. सिस्टरने आधी सांगितलं आणि मग म्हणाली, आता दिपमालाताई करून दाखवतील. पहिल्या ओळीत आबा बसलेले. पदर डोक्यावर घट्ट घेऊन मी पुढे गेले, गुडघ्यावर बसले, कोपर ताठ केले आणि सुरू केलं. टक, टक, टक. या वेळी पहिल्याच दाबाला आवाज आला. मागे कोणी हसलं नाही.

दाबता दाबता पदर घसरला. खांद्यावर आला, तिथून खाली. समोर आबा. माझा एक हात आपोआप डोक्याकडे गेला, आवाज बंद पडला.

"राहू दे व तो पदर, दिपमाला," आबा म्हणाले. "हात नको थांबू देऊ."

एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं. ते मोठ्याने बोलले होते, सगळ्यांसमोर, सरळ माझ्याकडे बघून. द्रौपदाबाईंनी तोंडाला हात लावला आणि तसाच ठेवला. मी पदर राहू दिला. डोळ्यांतलं पाणी बाहुल्याच्या छातीवर पडत होतं, ते पुसायलासुद्धा हात थांबवला नाही. सिस्टर पुरे म्हणाली तेव्हा थांबले.

मग कोण येतं, असं सिस्टरने पुरुषांना विचारलं. कोणी उठेना. बाहुल्याला हात लावायला जमदग्नीसारखे ड्रायव्हर लाजत होते. तेव्हा आबाच उठले. अक्का ओरडल्या की डॉक्टरांनी जोर करायचा नाही म्हटलंय. आबा म्हणाले, चार वेळा दाबतो, त्याने मरत नाही, आणि मेलो तर दोघी बसलेल्याच आहात. हळूच गुडघे टेकले, माझ्यासमोर, बाहुल्याच्या पलीकडे. तळहातावर तळहात ठेवून दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही अक्कांकडे बघितलं, सवयीने, की त्या सांगतील म्हणून. अक्कांनी नुसती भुवई उडवली. मग मी आबांकडेच बघितलं.

"हात मऊ पडी राहिना तुमना, आबा," मी म्हटलं. "जोर लावा."

आबांनी जोर लावला आणि बाहुला वाजला.